पान पुढे गेलंय

३ मार्च, सोमवार

पान पुढे गेलंय. मी हात लावलेला नाही.

काल ई-पुस्तकं वाचायचा रीडर चार्जिंगला लावला — उगाच, बुटकीची वस्तू बंद पडू नये म्हणून. (बुटकी नावालाच, उंची बापावर गेलेली.) लेक घर सोडून गेली तेव्हा चार कपडे घेतले, रीडर आणि फोन टाकून गेली. रीडरमध्ये लायब्ररीचं एकच पुस्तक, समुद्रातल्या शेवाळांवरचं, अर्ध्यात सोडलेलं. काल उघडलं, मिटलं. आज पडद्यावर विचारतोय — दुसरीकडे तुम्ही पुढे वाचलं आहे, त्या पानावर जायचं का?

दुसरीकडे म्हणजे कुठे? लायब्ररीचं कार्ड तिचं. कुठल्याही फोनवर चालतं, तीच सांगायची.

म्हणजे वाचतेय. म्हणजे आहे.

५ मार्च, बुधवार

पुन्हा पुढे.

दवाखान्यात दिवसभर फोन उचलले. "दाढ ठणकतेय", "उद्याची वेळ मिळेल का". एरवी प्रत्येक घंटीला झडप घालते, तिचा असेल म्हणून. आज नाही घातली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज आवाज बरा आहे तुमचा."

ह्यांना सांगितलं नाही. पोटच्या पोरीला "पुन्हा या दारात उभी राहू नकोस" म्हणाले ते हेच. तेव्हापासून फ्रिज दुरुस्तीच्या दुकानातच जेवतात, घरी झोपण्यापुरते येतात.

८ मार्च, शनिवार

मीही शेवाळं वाचतेय. अक्षर कळत नाही. ती थांबलीय तिथवर येते आणि थांबते. एका पानावर दोघी.

११ मार्च, मंगळवार

पुस्तकाची मुदत शुक्रवारी संपतेय. वाढवून मिळत नाही, दुसऱ्या कुणाचा तरी नंबर लागलाय. मग मला कळणार कसं?

लायब्ररीत गेले. ग्रंथपाल भला माणूस. म्हणाला, "काकू, मुदत संपली की पुस्तक आपोआप परत जातं. मी थांबवू शकत नाही."

"मग एवढंच सांगा, ते कुठून वाचलं जातंय? गाव सांगा नुसतं."

त्याने चष्मा काढून पुसला. "मला दिसत नाही ते. आणि दिसलं असतं तरी सांगता आलं नसतं."

पाया पडायचंच बाकी होतं. पोलिसांचंही तेच — सज्ञान आहे, स्वतःहून गेली, आम्ही काय करणार.

१३ मार्च, गुरुवार

हे डबा विसरले म्हणून मी दुकानात गेले. हे एका उघड्या फ्रिजमागे स्टुलावर बसलेले. चष्मा कपाळावर, फोन नाकाशी. बुटकीचा फोन. तिने टेबलावर टाकलेला. मला वाटलं होतं ह्यांनी रागाने फेकून दिला.

शेवाळं वाचत होते.

"कुठवर आली होती ते बघत होतो," म्हणाले. "मग म्हटलं पुढचंही वाचू. आली तर तिच्याशी बोलायला काहीतरी हवं ना."

मी तिथेच फतकल मारून बसले. चक्कर आली समजून ह्यांनी पाणी आणलं. मी मारलं त्यांना. छातीवर, दोन्ही हातांनी. हलले नाहीत. पाणी सांडलं सगळं.

१४ मार्च, शुक्रवार

पुस्तक गेलं. पडदा कोरा. कुणीच कुठे वाचत नव्हतं.

१९ मार्च, बुधवार

कामावर जात नाही. दवाखान्यातून फोन आला, वाजू दिला. जीव नको झालाय. रीडर आत कपाटात टाकते, पुन्हा काढते. वेड लागायचं राहिलंय.

हे घरी जेवले. मान खाली घालून म्हणाले, "मला सांगायचंस तरी."

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

आमटी निवली.

२३ मार्च, रविवार

हे समोर भाजी निवडतायत. तिचा फोन बंद, फळीवर. रीडर माझ्या मांडीवर. तिच्या कार्डावर आत्ता नवं पुस्तक आलंय. मी ह्यांच्याकडे बघितलं. "मी नाही," म्हणाले, हात पुसत उठून आले.

'नवजात बाळाला अंघोळ कशी घालावी.'