मामांची उसनी घेतलेली दुखणी

दुसरबीड मुक्कामी तीर्थरूप मोतीराममामांस,

चिखलीहून अविनाशचा वाकून नमस्कार. (वाकूनच लिहितोय. टेबल नाही, कांद्याच्या पोत्यावर कागद ठेवलाय.) तुमची मान कशी आहे? मामींचा गुडघा? म्हैस अजून फक्त मामींनाच दूध देते का? मी मजेत आहे, अंगानं भरलोय, त्याचं कारण पुढं येईल. फोनच करणार होतो, पण फोनवर आपलं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून पत्र.

तर जालन्याचं काम सुटलं (सुटलं म्हणा, सोडलं म्हणा, तो विषय वेगळा) आणि मी गोबीच्या जीपवर बसून चिखलीला आलो. गोबी म्हणजे काय गोबी होती मामा, एकेक गड्डा तुमच्या पटक्याएवढा. ती एका चर्चच्या आवारात उतरवायची होती आणि तिथं शाळा-कॉलेजांत नेमायच्या चॅप्लेन लोकांचं शिबिर चालू होतं. चॅप्लेन म्हणजे पाद्रीच धरा, पण प्रवचन न करणारा. बायाही असतात त्यात. पोरगं परीक्षेला घाबरलं, हॉस्टेलवर रडत बसलं, की यांनी त्याच्याजवळ बसायचं आणि ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही. पोरगं कुठल्याही धर्माचं असो, त्यानं विचारल्याशिवाय देवाचं नावही काढायचं नाही. (हे मामींना आधी वाचून दाखवा, म्हणजे पुढचं शांतपणे ऐकतील.) माणसं नुसतं ऐकायला शिकायला येतात हे मला नवीन होतं. आपल्या घरात ही विद्या कोणालाच नाही, त्यात मीही आलो.

शिकवणारे शलमोन सर. सरावासाठी त्यांना एक दुःखी विद्यार्थी पाहिजे होता, आणि खरे विद्यार्थी सुट्टीवर. मला गोबीच्या ढिगावर बसलेलं पाहून ते म्हणाले, तू चालशील. मी दहावीत अडकलेला आहे हेही कबूल केलं, तर म्हणाले, मग उत्तमच. खाणं-राहणं त्यांच्याकडे, आणि मी एकेका शिकाऊ चॅप्लेनसमोर बसून आपलं दुःख सांगायचं.

पण मामा, रोज नवं दुःख आणायचं कुठून? माझं पहिल्याच बैठकीत संपलं. मग तुमच्याकडची घेतली. एकाला सांगितलं, मान धरते, पुस्तकात पाहताच येत नाही. दुसऱ्या गृहस्थांना सांगितलं, मामी गुडघ्यानं अंथरुणाला खिळली, अभ्यासात मन लागत नाही. तिसऱ्याला म्हशीचं सांगितलं, फक्त म्हैस असा उल्लेख टाळला. जवळ गेलं की तोंड फिरवते, दुसऱ्यांशी बरी वागते, एवढंच म्हणालो. त्याचे डोळे भरून आले.

आता यांचा नियम असा, की ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही. त्यामुळं एकाचं दुसऱ्याला माहीत नाही. जेवताना जो तो माझ्याकडे ‘मलाच ठाऊक आहे रे बाबा’ अशा नजरेनं बघतो आणि गुपचूप एक पोळी जास्तीची वाढतो. अंगानं भरलो तो असा.

शेवटी सारिकाताई आल्या, मेहकरच्या. त्यांची एका हॉस्टेलवर नेमणूक व्हायची आहे, पण आधी सरांनी पास करायला हवं. माझ्याकडे तर एकही दुखणं शिल्लक नाही. म्हटलं, तुम्हीच बोला ताई. त्या बोलल्या नाहीत. नुसत्या बसल्या. चहा आला, तोही प्यायल्या. समोर माणूस गप्प बसला की माझा जीव घाबरा होतो, म्हणून काहीतरी बोलायला गेलो आणि भलतंच निघालं. म्हणालो, “मले मामाच्या घरी जायचं हाय, कधीचं.” मग सांगत सुटलो. आई गेल्यावर मामा-मामींनीच वाढवलं, दुसरं घर मला नाही. दुसरबीडच्या स्टँडवर उतरतोही. पण ओट्यावर पाय ठेवला की मामा सुरू होतात, “काऊन बे, आयटीआयचं काय झालं? रहेमतुल्लाचाचाच्या पोराकडं पाय, अरसलान वेल्डिंगचं दुकान टाकून राह्यला,” आणि चहा यायच्या आत मला पुढची गाडी आठवते.

सारिकाताई एवढंच म्हणाल्या, “मग?” आणि थांबल्या.

त्यानंतर मी किती बोललो ते लिहीत नाही, कागद कमी आहे. नंतर सरांनी सगळ्यांना विचारलं, याचं खरं दुखणं कोणतं? जो तो ठामपणे म्हणाला, मला सांगितलं तेच. सारिकाताई म्हणाल्या, ते त्यालाच विचारा. सरांनी त्यांना पास केलं. मला मात्र कोणी विचारलं नाही, तेवढ्यात जेवणाची घंटा झाली.

मामींना नमस्कार, म्हशीला लांबूनच.

तुमचा, तूर्त चिखलीत असलेला,
अविनाश

ता. क. शिबिर संपलं की मी येतोय. मागणं मोठं नाही. ओट्यावर बसू द्या आणि चहा संपेपर्यंत आयटीआय काढू नका. नंतर हवं तेवढं बोला. मधेच उठून पुढची गाडी बघणार नाही.

आणखी एक. गुडघ्यावाल्या गृहस्थांना अजून आपलंच खरं वाटतं. ते सफरचंदं घेऊन मामींना भेटायला येणार आहेत, पत्ता मीच दिला. तेवढा वेळ मामींनी जरा आडवं व्हावं.

शेवटचं. गप्प बसणं तुम्हाला जमणार नाही हे मलाही कळतं. तर मग निदान “मग?” म्हणा. पण म्हटल्यावर थांबा.