दोन देश हिंडलेला खांदा

तीर्थरूप दादास,

उजवा खांदा धरल्यामुळे साष्टांगातली सातच अंगं सध्या कामाला आहेत, तेव्हा हा सप्तांग नमस्कार गोड मानून घ्यावा. वहिनींनाही तोच. तुम्ही सगळे मजेत असाल.

तर खांद्याची हकीकत. धाकटीने परदेशात घर घेतलं, आणि त्याचं छत भलत्याच माणसाने रंगवावं हे चाळीस वर्षं रंगकाम केलेल्या बापाला बघवेना. शिडीवर चढलो, रंगाचा पहिला हात दिला, दुसरा देताना माझाच हात वर अडकला. ("आता शपथ घेऊनच खाली या," असं तुझी भावजय म्हणाली.) धाकटीने तसंच गाडीत घातलं. दवाखाना कसला, काचेचा महाल! भिंतींना इतका उंची रंग की कळ विसरून मी डाव्या हाताने चाचपून पाहिला. दहा मिनिटांत डॉक्टर हजर, विसाव्या मिनिटाला मी यंत्रात. फक्त कुठे दुखतं याच्या आधी विमा कुठला ते विचारतात, आणि माझा पाहुण्याचा विमा खांद्यापर्यंत पोचत नाही, असं खिडकीतल्या बाईंनी हसत सांगितलं. पुढच्या उपचारांचा आकडा असा, की तेवढ्यात मी तो अख्खा महाल आतून-बाहेरून रंगवून दिला असता. जावई "आपण भरू ना" म्हणाले खरे, पण चेहरा पांढऱ्या प्रायमरसारखा. मीच नको म्हटलं.

तिथून ठरल्याप्रमाणे थोरल्याकडे राहायला गेलो. त्याच्या देशात एकदा नाव नोंदवलं की सगळं फुकट. फक्त रांग. फोनवरच्या नर्सबाईंनी फार आपुलकीने चौकशी केली आणि अकरा आठवड्यांनंतरची तारीख दिली. मी म्हटलं, "तोवर हाताचं काय करू?" म्हणाल्या, "वर नेऊ नका."

मी चिडलो. सुनेला तासभर व्याख्यान दिलं, की यापेक्षा आपले कोपऱ्यावरचे डॉक्टर लाख पटीने बरे. बाकावर चाळीस माणसं असली तरी दुपारच्या आत गोळी हातात पडते, सुटे नसले तर "नंतर द्या" म्हणतात. ती भांडी पुसत म्हणाली, "पण बाबा, मोठं दुखणं आलं की बाकावरच्या त्या माणसांनी कुठे जायचं?" मी विषय बदलला.

चौथ्या आठवड्यात, सकाळी दाढी करताना, छातीवर कुणीतरी रंगाचा भरलेला डबा ठेवल्यासारखं वाटलं. दरदरून घाम. खांद्याचीच कळ असेल म्हणून मी गालावरचा उरलेला फेस उतरवत बसलो (अक्कल बघ!). सुनेने आरशात माझा चेहरा पाहिला आणि फोन लावला. नवव्या मिनिटाला गाडी दारात. त्याच अकरा आठवडेवाल्यांची! दोन दणकट पोरींनी मला खुर्चीसकट जिन्यावरून उतरवलं. एकीने हात धरून नाव विचारलं. माझं; विम्याचं नाही. इस्पितळात दीड तासात हृदयाची तुंबलेली शीर मोकळी. पडल्या पडल्या वर पाहिलं तर छताचे पोपडे निघालेले, कोपऱ्यात ओलीचा डाग. आयुष्यात पहिल्यांदाच वाईट रंगवलेल्या छताला मी नावं ठेवली नाहीत. डावीकडच्या खाटेवर एक न्यायाधीश, उजवीकडे बसचालक, दोघं एकाच पट्टीत घोरत होते.

दादा, फार घाबरलो होतो रे. तुम्हाला तीन आठवडे कळवलं नाही, त्याबद्दल नंतर ओरड.

एकूण अभ्यासाअंती माझं मत असं, की खांद्यासाठी (खिसा जड असेल तर) मुलीकडे जावं, छातीसाठी मुलाकडे, आणि सर्दीसाठी तुझ्याकडे, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांपाशी यावं.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं म्हणजे पत्र लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. जिना चढताना तू हल्ली मधल्या मजल्यावर किल्ल्या शोधायला थांबतोस, असं पुतणीने कळवलंय. किल्ल्या तर वहिनींच्या कमरेला असतात. शहरातल्या मोठ्या इस्पितळात, पुढच्या महिन्याच्या पहिल्या बुधवारी, सकाळी दहाची वेळ तुझ्या नावाने घेतली आहे. मुकाट्याने जा.

ता. ता. क. वहिनी, पाकीट आधी तुम्हीच फोडता हे मला ठाऊक आहे. त्याला पत्र द्याल ते बुधवारी, गाडीचं दार लागल्यावर.