बशीतलं बियाणं

भाविकाच्या कॉलेजातले मोठे सर,

सावर्ड्याहून तिच्या आजीचा नमस्कार. सोमवारी तुम्ही तिचा प्रयोग बघायला येणार, म्हणून मला घटकाभर बसवत नाही. पेंढ्याच्या मुडीत मी राखलेलं भाताचं बियाणं रुजतं का, ते बघायला तिने बशीत भिजत घातलं होतं. रुजलं हो सर, दाणान्‌दाणा! मला कोण आनंद! मोड आलेलं बी कोणी घरात ठेवतं का? मी लगेच वाफ्यात पेरून आले. तर पोर रिकामी बशी घेऊन मेल्या उंदरांना शिव्या देतेय. तिला नापास करू नका. कोंब वर आलेत, बांधावर बसून मोजा, मी चहा आणते. पण हे पत्र धाडायचं तर तिच्याच हाती, म्हणून राहिलंय.

तुमच्या भाविकाच्या घरातला उंदीर,
गोदाआजी