डाव्या बाहीचे माप

॥ श्री ॥

अकोला, जुने शहर
२० नोव्हेंबर १९६६

चि. भगवंतास ताईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तू भाऊबीजेला आला नाहीस, म्हणून चंद्राला ओवाळले. बीजेची कोर ती. निरांजन लावेपर्यंत समोरच्या माडीआड जाऊ लागली, तेव्हा ताट घेऊन गच्चीवर धावले. आई गेल्यापासून ओवाळायला तू एकटा, तर तूही आभाळातच राहतोस.

उरलेल्या मांजरपाटाचे दोन सदरे पाठवले आहेत. माप वहीतलेच धरले आहे. गंगूबाई माळीण टोपली उतरवता उतरवता विचारून राहिली होती, की ताई, तुमचा भाऊ आभायातून उडी काहून मारते, त्याले जिना नाही का? मी हसले आणि तुला विचारून सांगते म्हटले.

हे बरे आहेत. शाळेत दिवसभर बोलतात, त्यामुळे घरी शब्द उरत नाहीत. नवे शिक्षण कसले, ते समजेल असे लिही.

तुझी वाट पाहणारी,
ताई

आग्रा
२ डिसेंबर १९६६

ती. सौ. ताईस भगवंताचे कृ. सा. न. वि. वि.

सदरे मिळाले. पलटणीचा शिंपी आंधळा असावा. त्याची डावी बाही नेहमी मनगटाखाली लोंबते. तुझेच सदरे अंगाला बसतात.

गंगूबाईंना सांग, जिना होता, तो मागेच राहिला. आजवर विमानातून उडी घेतली की दोरीच्या झटक्याने छत्री आपोआप उघडायची. आता वीस सेकंद तसेच पडायचे आणि मग स्वतःच्या हाताने उघडायची. पडताना पोट खाली, कंबर पुढे, मान वर, हातपाय सैल पसरलेले. दोन्ही बाजू अगदी सारख्या हव्यात. असे पडले की वारा गादीसारखा झेलतो, म्हणतात. मला तो झेलत नाही. मी डावीकडे फिरू लागतो आणि भोवऱ्यासारखा फिरतच राहतो.

यापुढचा धडा ट्रॅकिंगचा. हात मागे अंगालगत न्यायचे, पाय ताणायचे, डोके थोडे खाली. मग माणूस नुसता पडत नाही, पुढे सरकत जातो. छत्र्या एकमेकींत अडकू नयेत म्हणून उघडण्याआधी प्रत्येकाने बाकीच्यांपासून लांब जायचे असते. मी लांब जात नाही. गोल फिरून परत त्यांच्यातच येतो. गेल्या खेपेस एकाच्या डोक्यावरून हातभर अंतराने गेलो.

आम्हाला शिकवणारे उस्ताद म्हणतात, अंगात दोष नाही, मनात भीती आहे. संक्रांतीनंतर शेवटची उडी. ती साधली नाही तर तुकडीतून नाव जाईल.

ती. केशवरावांना नमस्कार. माझ्यावरची माया आहे तशीच ठेव.

भगवंत

॥ श्री ॥

अकोला
१२ डिसेंबर १९६६

चि. भगवंतास अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र तीनदा वाचले. देवघरातल्या पाटावर पोट टेकून, हातपाय अधांतरी धरून तू लिहिलेस तसे करून पाहिले. शंभर आकडे मोजेपर्यंत कंबर धरली. तेवढ्यात हे आले. पाण्याचा तांब्या जवळ ठेवला आणि वर्तमानपत्र उघडले.

बाबा रे, नाव गेले तर जाऊ दे. दोरीची छत्री काय वाईट? ती देवाच्या हातात तरी असते. राजेश्वर महादेवाच्या मनात नसेल तर हट्ट धरू नये. रजा घे आणि ये. मुरांबा केला आहे. खायला कोणी नाही, म्हणून बरणी अजून गळ्यापर्यंत भरलेली आहे.

तुझी,
ताई

आग्रा
२८ डिसेंबर १९६६

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू दुसरे काहीतरी लिहिशील असे वाटले होते. इथे कोणी तोंडावर बोलत नाही, पण जेवायला बसलो की माझ्या शेजारची जागा शेवटी भरते. माझ्याबरोबर एका खेपेत उडी घ्यायला कोणी तयार नाही, आणि त्यांचे चुकतही नाही.

मला आधी भीती वाटत नव्हती. आता उस्तादांचे खरे वाटू लागले आहे. भीती खरोखरच आत असेल तर दोरीची उडीही मारता येणार नाही. मग मी कोणत्या कामाचा? उडी २० जानेवारीला आहे.

भगवंत

॥ श्री ॥

अकोला
३ जानेवारी १९६७

चि. भगवंतास आशीर्वाद.

हे पत्र एकट्याने वाच. तुझ्या मनात काही दोष नाही. दोष हातात आहे, आणि तो माझा आहे.

तू चार वर्षांचा होतास, मी चौदाची. आपण अमरावतीला होतो. ओट्यावरून पडून तुझे डावे कोपर मोडले. मोर्शीहून हाडवैद्य आला, बांबूच्या कांब्या बांधून गेला, आणि एकवीस दिवस गाठ सोडायची नाही असे बजावून गेला. आई आजारी, तुला माझ्यावर सोपवलेले. दुपारी सगळे निजले की तू रडायचास. मला बघवेना. मी रोज दुपारी गाठ सोडायची, हात चोळायची आणि आई उठायच्या आत पुन्हा बांधायची.

हात दीड बोट आखूड राहिला आणि कोपर पुरते उघडेना. खापर हाडवैद्यावर फुटले. आईने आयुष्यभर तुझ्या माघारी त्याला बोल लावले आणि मी ऐकत राहिले. पुढे शिवण शिकले, तेव्हापासून तुझ्या प्रत्येक सदऱ्याची डावी बाही दीड बोट कमी कापत आले. तुला कळू नये म्हणून. पलटणीचा शिंपी आंधळा नाही रे.

तुझे पहिले पत्र आले तेव्हाच मला समजले होते. तरी लिहिले नाही. म्हटले, नाव जाईल तर घरी तरी येशील. देवापुढे बसले की हेच वाक्य आठवते, जप पुढे सरकत नाही.

आता ऐक. कापड एका बाजूला कमी पडले तर ते ओढून वाढत नाही. दुसरी बाजू त्याच्या मापाला आणावी लागते. डावा हात ताणू नकोस. उजवाच दीड बोट दुमड. सोबत दोरी आहे. दोन गाठींमधले अंतर तुझ्या डाव्या हाताचे, खांद्यापासून मनगटापर्यंतचे, वहीवरून घेतले आहे. पाटावर पालथा पड आणि कुणाला तरी उजवा हात त्या गाठींत बसवायला सांग. रोज कर. हात मागे नेशील तेव्हाही उजवा डाव्याहून लांब जाऊ देऊ नकोस.

राग आला तर लिही. गप्प राहू नकोस. गप्प माणूस घरात एक आहे.

ताई

आग्रा
२४ जानेवारी १९६७

ती. ताईस भगवंताचे सा. न. वि. वि.

तिळगूळ पोचला. बहुतेक उस्तादांनीच खाल्ला. दोरी त्यांना दाखवली. त्यांनी दोन्ही हात स्वतः मोजले आणि मग बारा दिवस मला बाकावर पालथे घालून उजव्या हाताशी दोरी धरून उभे राहिले.

वीस तारखेला विमानाचे दार सोडले. वारा अंगाखाली आला आणि जमीन फिरली नाही. यमुना होती तिथेच राहिली. खूण झाल्यावर हात मागे घेतले, पाय ताणले आणि सरकू लागलो, सरळ. मागे पाहिले तर बाकीचे तिळाएवढे झाले होते. मग छत्री उघडली. तिथे इतके शांत असते, ताई, की आपल्या अमरावतीच्या घरची दुपार आठवली.

मी रडल्याचे मला आठवत नाही. पण कोणीतरी गाठ सोडली की हाताला गार लागायचे, तेवढे आठवते. ते कोण, हे आता कळले.

तुकडीत नाव राहिले. आता पूर्वेकडे जायचे आहे. कुठे, ते लिहिता येत नाही. पत्रे उशिरा येतील. दोरी माझ्याजवळच ठेवतो.

तुझा,
भगवंत

॥ श्री ॥

अकोला
१ फेब्रुवारी १९६७

चि. भगवंतास ताईचे आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र यांना वाचून दाखवले. ते चष्मा पुसत बसले, आणि संध्याकाळी आपण होऊन विचारले, की सरळ गेला ना? एवढे बोलले. गंगूबाईने फुकट संत्री दिली आणि आता त्याले खाली उतरायचं शिकवा म्हणाली.

आज नवा सदरा बेतला. खडू घेऊन आधी उजवी बाही आखली. मग डावी बाही आखली ती जुन्याच मापाने. आता तुला ठाऊक आहे, तेव्हा लपवण्यासाठी नाही.

सगळ्यांपासून लांब गेल्यावरच छत्री उघडायची, हे समजले. मीच तुला दोरी पाठवली. पण किती लांब, ते तू कुठल्याच पत्रात लिहिले नाहीस.

सदरा कोणत्या पत्त्यावर पाठवू?

ताई