चेसिसचं उजवं टोक

१२ जानेवारी २०१६, मंगळवार

ही वही दिवाळीत आणली. आज पहिलं पान लिहितोय. रोज उद्या लिहू म्हणायचो. पण लिहिणार काय — आज काही केलं नाही, कालही काही केलं नाही? आज जरा काहीतरी झालंय.

गीताबाई आल्या होत्या. महिला दूध संस्थेच्या सचिव त्या. गावातली जनावरं सगळी चारा छावणीत, छावणी नदीच्या पलीकडं. मधे कोरडं पात्र, नुसती वाळू. संस्थेचा टेम्पो मागच्या महिन्यात त्या वाळूत रुतला. ट्रॅक्टरनं साखळी लावून ओढला तर बंपरच उपटून आलं, आणि हिसक्यानं कॅन आडवे. दूध वाळूनं पिलं. टेम्पोवाला पुन्हा आला नाही. आता बायका डोक्यावर कॅन घेऊन पात्र ओलांडतात.

"गहिनी, भारतची जीप नुसती उभी हाय. दुधाच्या रूटला लावतो का?"

लावतो की, म्हणालो.

"पुढं हुकाचं दणकट बंपर पाहिजे. पंचवीसला सोमवार हाय, मी बघायला येते. जमलं न्हाई तर रूट आष्टीवाल्याला. त्याची गाडी तयार हाय."

भारत माझा थोरला भाऊ. आधी जीपवर पॅसेंजर मारायचा. पाऊस गेला तसे पॅसेंजरही गेले. दिवाळीपासून तो आणि छबुवहिनी कराडकडं ऊस तोडायला. जाताना मला म्हणाला, "गाडी पुसायची तेवढी पूस. बाकी हात लावू नको. तू हात लावलेलं काय नीट राहिलंय आजवर?"

खरं आहे. सुरत सोडली. नाशिकचं हॉटेल सोडलं. हैदराबादला फरशी बसवायला गेलतो, तेही सोडलं. म्हणूनच हा रूट पाहिजे. लागला तर इथं राहीन, नाही लागला तर पुन्हा कुठली तरी गाडी पकडीन, हे मला माहीत आहे.

भारतला विचारलं नाही. विचारलं तर नाही म्हणेल.

१५ जानेवारी, शुक्रवार

बीडला गॅरेजवाल्या इसाकभाईंकडं बंपर आणायला निघालो. पण आधी धरणात उतरलो. बिंदुसराचा तळ उघडा पडलाय. तळात बैलगाडीची जुनी चाकोरी दिसते, दोन्ही बाजूला दगड लावलेले. कुठं जात असंल म्हणून तिच्यावरनं चालत गेलो. गाळात संपली. मग गाळ उपसणाऱ्यांशी बोलत बसलो. बीडला पोचलो तर इसाकभाई जेवायला गेलेले.

बंपर मात्र झकास. जाड पत्रा, मधे दोन हूक, आणि वजन असं की दोघांनी धरून एसटीच्या टपावर चढवलं. इसाकभाई म्हणाले, "मैं सोमवार कू आतौं, मैं बिठाके देतौं. तू छेडछाड नक्को कर."

१७ जानेवारी, रविवार

सोमवारपर्यंत कोण थांबणार.

धोंडीरामच्या वेल्डिंगच्या दुकानातनं ग्राइंडर आणला. जुन्या बंपरचे बोल्ट गंजून एकजीव झालेले. डिझेल सोडलं, पाना लावला, पाना सटकला, बोटं सोलली. शेवटी बोल्ट कापलेच. नवीन बंपर जॅकवर ठेवून, खाली विटा लावत लावत वर घेतलं. डावीकडं बसलं. उजवीकडं बसेना. चेसिसचं टोक तिथं गंजलेलं, खरबरीत, वर रंगाचे थर. ग्राइंडर फिरवला. चकचकीत झालं, आणि बंपर टेकलं! बोल्ट आवळले, साखळी बाभळीला बांधून गाडी मागं घेतली. बाभळ हलली, बंपर हललं नाही.

आई म्हणाली, "भारत काय म्हणंल?" मी म्हणालो, खूश होईल.

आज खरंच तसं वाटत होतं.

१८ जानेवारी, सोमवार

इसाकभाई आले. बंपर आधीच बसलेलं बघून हसले. "शैतान है तू." मग खाली वाकले, उजव्या बाजूला बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. हसणं थांबलं.

"इदर नंबर था. किदर गया?"

"कसला नंबर?"

"चेसिस का, गहिनी. तूने घिस डाला?"

मला तो गंज वाटला होता. खड्डे खड्डे होते, म्हणून तर घासलं.

इसाकभाई जमिनीवरच बसले. म्हणाले, नंबरप्लेट काय कुणीपण बदलतं, आता ही गाडी कुणाची, हे खात्रीनं सांगणारं गाडीवर काही राहिलं नाही. कुणी अडवलं तर चोरीची. गीताबाईपण कागद आणि नंबर जुळवून बघणार, संस्थेचा नियमच आहे. "और पकडेंगे तो तेरे भाई कू. तेरे कू नै."

उपाय एकच — मालकानं गाडीचं आरसी बुक घेऊन आरटीओत उभं राहायचं, अर्ज द्यायचा. ते पाहणी करून नंबर पुन्हा मारून देतात.

मालक कराडला. आणि त्याला बंपरचंच माहीत नाही.

१९ जानेवारी, मंगळवार

जेवलो नाही. गाडीवर ताडपत्री टाकून ठेवली. कुणी आलं की ती सरकली तर नाही ना, हे बघतो.

२० जानेवारी, बुधवार

ग्राइंडर परत द्यायला गेलो. धोंडीरामनं तोंड बघूनच ओळखलं, सगळं काढून घेतलं.

"येडा हायस का बे? आकड्यांचे, अक्षरांचे पंच हायत माझ्याकडं. बुकातला नंबर बघायचा, हातोडा मारायचा, वरनं काळा रंग. कोण बघतंय?"

पंच घेऊन आलो. हो म्हणालो नाही, नाहीपण म्हणालो नाही. नुसते घेऊन आलो.

बुक वहिनींच्या पेटीत, तिकडं फडात. फोन लावला.

"वहिनी, गाडीचं बुक तुमच्याकडं हाय ना? चेसिसचा नंबर वाचून दाखवा."

"कावून?"

"विम्याचं बघायचंय."

एकेक अक्षर वाचलं त्यांनी. मागनं कुणीतरी मोळ्या भरा म्हणून ओरडत होतं. "झालं का भावजी? मुकादम शिव्या देतोय." मी तळहातावर लिहून घेतलं. घाम आला तसं पुसट झालं, म्हणून पुन्हा गिरवलं.

२१ जानेवारी, गुरुवार

भंगारच्या पट्टीवर हात बसवतोय. तीनचा आकडा तिरका येतो. आठ बरा येतो. सकाळपासनं तेच. मधे एक होला येऊन बंपरवर बसला, त्याला बघत किती वेळ गेला कळलं नाही.

आई विचारते, काय ठोकतोस? पत्रा सरळ करतोय.

२२ जानेवारी, शुक्रवार

आज मारायचं ठरवलं. गाडीपुढं बसलो, उजव्या टोकावर पहिला पंच धरला, हातोडा उचलला. तेवढ्यात डोळ्यापुढं भारत आला, पोलिसापुढं उभा. त्याला कळणारच नाही काय झालंय. गाडी पुसायची तेवढी पूस, म्हणाला होता. हातोडा खाली ठेवला. पुन्हा उचलला. पुन्हा ठेवला.

पंच धोंडीरामला नेऊन दिले. "भित्रा हायस," म्हणाला. असंल.

मग फोन. भारतलाच लावला, पण उचलला वहिनींनी, तो ट्रक भरत होता. सगळं सांगून टाकलं. बंपर, ग्राइंडर, नंबर, विम्याचं खोटं. पलीकडं ट्रकवर मोळ्या पडत होत्या.

"वहिनी?"

"ऐकतेय. ह्यांना सांगितलं का?"

"न्हाई."

"आणि तो रूट. किती दिवसांचा हाय?"

मला वाटलं टोमणा मारतात. म्हणालो, छावणी आहे तोवर छावणीचा, मग गावातला. गीताबाई वर्षभराचा म्हणाल्यात.

"बरं," म्हणाल्या. फोन बंद.

२३ जानेवारी, शनिवार

भारतचा फोन नाही. मी लावला तर बंद. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. आष्टीवाला आज गावात येऊन नदीचं पात्र बघून गेला म्हणे.

पिशवी भरून ठेवली. दोन कपडे आणि चादर. सोमवारी गीताबाईंना तोंड दाखवण्यापेक्षा उद्याच निघावं. कुठं, ते फाट्यावर ठरवू.

२४ जानेवारी, रविवार

पिशवी घेऊन फाट्यावर गेलतो. सोलापूरकडनं एसटी आली आणि तिच्यातनं छबुवहिनी उतरल्या. एकट्या. हाताला उसाच्या पानांचे काप, काखेत बोचकं.

"कुठं निघालात?" माझ्या पिशवीकडं बघत म्हणाल्या. मी म्हणालो, तुम्हाला घ्यायला. त्यांना पटलं नाही. बोचकं माझ्याकडं दिलं आणि चालायला लागल्या.

घरी आल्या आल्या ताडपत्री ओढली. बंपरवर पाय देऊन उभ्या राहिल्या, दोनदा दाबून बघितलं. मी म्हणालो, सही भारतची लागंल वहिनी, तो कधी येतोय?

"त्यांची कावून? तुमी तवा सुरतेला होतात. गाडी माझ्या बापानं दिली, माझ्याच नावावर हाय. उद्या गीताबाईला मीच खरं सांगते, मग आरटीओत जाऊ."

मग चुलीपाशी बसून आईनं दिलेला चहा पिताना, माझ्याकडं न बघता —

"ह्यांना दवाखान्याचं सांगून आलेय, भावजी. वर्षाचा रूट हाय म्हणालात न्हवं? परत फडात जायला आलेली न्हाई."