मोटरची टोपी

३ मार्च

चि. ठोक्या यास अनेक आशीर्वाद.

तुझी बहीण गेल्यापासून अंगणातला पंप मी चालवतो. तेव्हापासूनच त्याची मोटर खरखरते आणि दहा मिनिटांत तापून बंद पडते. तिची जाई पाण्यावाचून पिवळी पडली आहे. येथील मिस्त्री नामक गृहस्थांनी फाटकातूनच कान देऊन निकाल दिला की वाइंडिंग गेले, मोटर बदला. त्यांना व्होल्टेज आणि करंट यांतला फरक विचारला, तर म्हणाले, झटका दोन्हींचा बसतो. अशा विद्वानाला मी मोटरजवळ फिरकू दिले नाही.

व्होल्टेज मोजले, योग्य आहे. पंपापासून सोडवून नुसती मोटर फिरवली, खरखर तीच. धुळीचा प्रश्नच नाही, कारण तुझ्या बहिणीने शिवलेले आच्छादन मी क्षणभरही काढलेले नाही. तू पदवीवाचून केवळ हातोड्यावर पोट भरतोस. तरी मत कळव.

तुझा,
भाऊजी

९ मार्च

ती. भाऊजींना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दुकानात कारागिरांना वाचून दाखवलं नाही, एवढी तुमची अब्रू राखली. अहो, मोटरचा पंखा मागून वारा ओढतो, त्यावरच ती थंड राहते. तुम्ही तिला गोधडी पांघरून पळवताय! खरखर म्हणजे ताईने शिवलेल्या त्या टोपीची नाडी जाळीतून आत जाऊन पात्यांवर आपटत असणार. ताई बटण दाबण्याआधी टोपी काढायची, मोटर निवली की परत चढवायची. अकरा वर्षं तुम्ही समोरच पेपर वाचत बसला होतात.

काढायला हात धजत नसेल तर मी येतो. पण पुढच्या आठवड्याआधी जमणार नाही, आणि जाई तोवर थांबायची नाही.

रागवा, पण उत्तर धाडा.

तुमचा,
हातोडेवाला

१६ मार्च

चि. ठोक्या यास आशीर्वाद.

हातोडाही कधीतरी नेमका खिळ्यावर पडतो. नाडीच्या टोकाच्या चिंध्या झाल्या होत्या. आच्छादन काढायला मला दोन दिवस लागले; त्याची चौकशी करू नये. कुंपणाला एक खिळा आहे. तो कशासाठी, हे मी तिला कधी विचारले नव्हते. आता आच्छादन तिथे अडकवतो. खिळा तू ठोकलेला नसल्याने सरळ आहे.

मोटर अर्धा तास चालली. वर तळहात टेकवता येतो. जाईला पाणी मिळाले. मिस्त्री फाटकाशी येऊन विचारू लागले, दुरुस्त कोणी केली. तुझे नाव घेणे मला शक्य नव्हते. पत्नीने, असे सांगितले.

लोभ आहेच, तो ठोकून पाहू नये.

तुझा,
भाऊजी