बारा-बाराची बरोबरी

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (तू माणूस आहेस, त्यामुळे आमच्या मानवतावादी मंडळाची याला हरकत नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना? इकडे सगळं ठीक, म्हणजे तुझी भाचेसून ठीक. माझं पुढे कळेलच.

रविवारी मंडळाची वार्षिक सभा आणि जेवण होतं, नेहमीच्याच जागी, फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये. चौदा वर्षं मी चिटणीस. खुर्च्या मी मांडायच्या, खरखरणाऱ्या माइकला थपडा मी मारायच्या, आणि अध्यक्षांनी देव नाही म्हटलं की टाळ्याही मीच सुरू करायच्या. यंदा अध्यक्ष निवृत्त झाले, तेव्हा वाटलं, एकदा तरी त्या खुर्चीवर आपण बसावं. खरं सांगतो आत्या, फार वाटलं. तर नेमका दातांचा डॉक्टर उभा राहिला. निम्मं मंडळ त्याच्यासमोर आ करून बसतं, त्याला नाही कोण म्हणणार?

मतं पडली बारा-बारा. त्या तिकडच्या बारांत तुझी लाडकी भाचेसूनही होती. मी डोळे वटारले, तर म्हणते कशी, मत विवेकाने द्यायचं असं तुम्हीच सांगता ना. दुसरी कुठली संस्था असती तर चिठ्ठी उचलून मोकळी झाली असती. पण आमच्या घटनेत कलम नऊ आहे: कोणताही निर्णय चिठ्ठी टाकून वा नाणं उडवून घेऊ नये, नशिबावर हवाला ठेवणं मंडळाला मंजूर नाही. हे कलम घुसडलं कुणी? मीच. सहा वर्षांपूर्वी, भर सभेत, टेबलावर मूठ आपटून.

मग फेरमतदान. पाच वेळा. आम्ही सगळी खुल्या मनाची माणसं, पण एकाचंही मन तसूभर हललं नाही. तेवढ्यात स्वयंपाकीणबाई सूप गार झाल्याचं सांगायला आल्या. घोळ ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "मग ही पळी फिरवा की. दांडा ज्याच्याकडे, तो अध्यक्ष." हॉलमध्ये अशी शांतता पसरली की श्रद्धांजलीलाही आमच्याकडे एवढी पसरत नाही. शेवटी सभा पुढच्या रविवारपर्यंत तहकूब झाली आणि गार सूप दोन टेबलांवर प्यायलं गेलं, बारा इकडे, बारा तिकडे. सूनबाई तिकडे.

प्रकृतीला जप.

तुझा भाचा
(अजून तरी चिटणीस)

ता. क. सोबत सभासदत्वाचा अर्ज आहे. वाचत बसू नकोस. "मी कोणताही देव मानत नाही" असं छापलंय, त्याच्याखाली फक्त सही कर आणि रविवारी दहाच्या आत ये. एका मताचा प्रश्न आहे. देवाला तूच समजावून सांग, तो ऐकून घेईल; तेवढं समजूतदार आमच्या मंडळात कुणी नाही.

दुसरा ता. क. त्याच्याशी बोलणं होणारच आहे, तर मी निवडून यावं हेही जाता जाता कानावर घाल. फक्त जरा लवकर उठून. डॉक्टरची आई पाचलाच पूजेला बसते, असं कळलंय.